घरचा भाव

पुलाच्या अलीकडच्या टोकाला पैसे बदलून देणारी जी पेढी आहे, तिच्या दुसऱ्या खिडकीत मी बसते. काचेच्या आत मी, बाहेर गिऱ्हाईक, आणि मध्ये हात जाईल एवढी फट. इकडचे पैसे घ्यायचे आणि नदीपलीकडच्या देशाचे द्यायचे, नाहीतर उलट. सकाळी पेढी उघडली की पाटीवरचे आकडे बदलायचं काम माझ्याकडे असतं. मी स्टुलावर चढले की रांगेतले लोक माना वर करून बघतात आणि आकडा लागला रे लागला की मागून कुणीतरी हमखास म्हणतं, "काल बदलायला हवे होते." या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. कालचा भाव काल संपला. तो आज मागायला येणाऱ्या माणसाला मी काचेतून हसून दाखवते आणि पुढच्याला बोलावते.

घरी मात्र माझं हे शहाणपण कुणी विचारत नसे. आमच्या घरात चाळीस वर्षांपूर्वीचा भाव चालू होता.

त्याचं असं की माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, लग्न होऊन पलीकडे गेली. पूल ओलांडला की अर्ध्या तासावर तिचं घर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पिशवी घेऊन यायची आणि जेवणं झाली की दोघी बहिणी टेबलावर दुकान मांडायच्या. आईने तिच्यासाठी इकडून दोरा, बटणं, चपला, चष्म्याची दोरी असं काहीबाही आणून ठेवलेलं असायचं. मावशीच्या पिशवीतून लोकर, छत्री, गुडघ्याचं मलम आणि साबण बाहेर पडायचा. फुकट काही द्यायचं नाही आणि घ्यायचं तर त्याहून नाही, हा दोघींचा बाणा. त्यामुळे प्रत्येक वस्तूवर घासाघीस चालायची.

"या छत्रीचे ऐंशी? दांडा बघ कसला डुगडुगतोय!"

"दांडा डुगडुगत नाही, तुझा हात डुगडुगतोय, ताई."

किमतीवर अशी तासभर खडाजंगी व्हायची, पण भावावर कधी चकार शब्द निघाला नाही. इकडचा एक म्हणजे तिकडचे चार. याला त्या 'घरचा भाव' म्हणायच्या. ऐंशीची छत्री आली की आई वीस काढून द्यायची. त्याच दिवशी माझ्या पाटीवर इकडच्या एकाला तिकडचे बत्तीस मिळत होते. म्हणजे जी छत्री बाजारभावाने अडीचला पडली असती, तिचे आई वीस मोजायची. आणि मावशी इकडची वीसची चप्पल घ्यायची ती तिकडचे ऐंशी देऊन, म्हणजे आमच्या अडीचमध्ये. घ्या नाहीतर द्या, खड्ड्यात आईच.

मी सुरुवातीला बोलून बघितलं. "आई, मी दिवसभर काय करते ते तुला माहीत आहे ना?"

"तू लोकांचे पैसे बदलतेस," आई म्हणाली. "आमच्या दोघींत नाक खुपसू नकोस."

मी नाक काढून घेतलं. आईकडे बाबांची पेन्शन होती, वर राहायला मी होते, आणि महिन्याला एक छत्री म्हणजे काही घर बुडत नव्हतं. शिवाय मला मावशी आवडायची. ती आली की घरात आवाज व्हायचा. आम्ही मायलेकी एरवी दोन मांजरांसारख्या आपापल्या कोपऱ्यात असतो.

गेल्या वर्षी मावशीचे डोळे बिघडले. संध्याकाळ झाली की तिला पायऱ्या दिसेनाशा व्हायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, आणि तिच्या घराला पायऱ्याच पायऱ्या. एकदा ती स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून राहिली. हे तिने आम्हाला हसत हसत सांगितलं. आई हसली नाही.

"आता पुरे झालं, धाकटे," आई म्हणाली. "इकडे ये. खालची खोली रिकामीच आहे."

खालच्या खोलीत बाबांचं फोटो मढवून द्यायचं दुकान होतं. रस्त्याला लागून, पायरी एकच, मागे मोरी. बाबा गेल्यापासून तिथे चौकटींच्या लाकडाचे तुकडे आणि उंदीर यांच्याशिवाय कुणी राहत नव्हतं.

"येईन, पण विकत घेईन," मावशी म्हणाली. "आश्रिताला ठेवल्यासारखी नाही राहायची."

आईने किंमत सांगितली चाळीस हजार. ही काही हवेतली किंमत नव्हती. कोपऱ्यावरचा औषधवाला त्या खोलीचे तेवढेच द्यायला तयार होता. मावशीने बोटांवर हिशेब केला आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या घराला एक लाख साठ हजारांचं गिऱ्हाईक आलं होतं. चारने भागा, बरोबर चाळीस हजार. "बघ, देवानेच जुळवून ठेवलंय," ती म्हणाली. मी मनात बत्तीसने भागलं. पाच हजार आले.

पण घर एकट्या आईचं नव्हतं. बाबांच्या मागे अर्धं आईच्या आणि अर्धं दादाच्या नावावर झालं होतं. दादा माझा मोठा भाऊ, पंपांच्या कंपनीत हिशेब बघतो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याला वाईट म्हणायची माझी तयारी नाही. छपराचा खर्च त्याने केला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याने करवलं, आणि दोन्ही वेळा कर्ज काढून. खोली विकून ते कर्ज फेडायचं त्याच्या मनात होतं. खोलीचं ठरल्याचं त्याला कळलं. दोन दिवसांनी तो माझ्या खिडकीत रांग लावून उभा राहिला.

"तुझ्याकडे जुने भाव मिळतील का? वर्षावर्षाचे?"

"बँक छापते दरवर्षीची सरासरी. कुठल्या सालापासून हवेत?"

"मावशीच्या लग्नापासून."

मी काढून दिले. खरं सांगायचं तर हौसेने दिले. आजच्या आकड्यावर भांडणारे रोज भेटतात, चाळीस वर्षांचे आकडे मागणारा पहिल्यांदाच भेटला होता. मीही ते सगळे एकत्र कधी बघितले नव्हते. मावशीच्या लग्नाच्या वर्षी इकडच्या एकाला तिकडचे साडेसहा मिळत होते. मग त्यांच्याकडे खाणी निघाल्या, कारखाने आले, आणि त्यांचा पैसा असा काही वधारला की एकाला दोन मिळायची मारामार. दहा-बारा वर्षं तसंच चाललं. मग तिकडचं सरकार गडगडलं आणि आकडा वर चढायला लागला. आठ, पंधरा, बावीस, बत्तीस. कागदावर एका खाली एक सालं होती आणि मला प्रत्येक सालातलं आमचं घर दिसत होतं.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी जेवणं झाल्यावर दादाने टेबलावर कागद ठेवला. त्याने छान तक्ता केला होता. साल, बाजारभाव, घरचा भाव, आणि दोघींच्या देवाणघेवाणीत आईचं अंदाजे किती नुकसान झालं ते. आवाज न चढवता, एखाद्या बैठकीत बोलावं तसा तो बोलला.

"मावशी, राग मानू नकोस. तू चाळीस हजार देतेयस असं तुला वाटतंय. बाजारात त्याचे पाच हजार होतात. औषधवाला चाळीस देतोय. पस्तीस हजारांचा फरक आहे आणि त्यातला निम्मा माझा आहे. आणि हे काही आजचं नाही. हे बघ, किती वर्षं चाललंय."

मावशीने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग माझ्याकडे दिला. "मला नाही दिसत, चिमे. तू वाच."

मी वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडखळले. तक्ता बाबा गेले त्या वर्षापासून सुरू होत होता.

"वरची सालं कुठे आहेत?" मी विचारलं.

"एका पानावर मावत नव्हतं," दादा म्हणाला, पण त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीत राहिला.

माझं डोकं फिरलं. वरच्याच सालांत भाव एकाला दोन होता. वरच्याच सालांत बाबा आजारी होते आणि त्यांची औषधं इकडे मिळत नव्हती म्हणून मावशी तिकडून आणायची. त्या औषधांचे बाजारभावाने आम्हाला दुप्पट पडले असते. आई मोजायची घरच्या भावाने, आणि निम्मी किंमत मावशीच्या अंगावर पडायची. ती शाळेत शिवण शिकवायची, काही राणी नव्हती. हे सगळं मी तिथल्या तिथे, आवाज चढवून सांगितलं. वहिनी उठून भांडी घासायला गेली. स्वच्छ भांडी होती ती.

"बरं, ती सालं धर," दादा म्हणाला. "धरून सुद्धा आईचंच नुकसान जास्त निघतं. मी करून बघितलंय."

हिशेब मी पण मनात केला होता. दादाचं बरोबर होतं, आणि म्हणूनच माझा राग आणखी वाढला.

मावशी मात्र शांत होती. तिने टेबलावरचे आपले लोकरीचे गोळे एकेक करून पिशवीत भरले. "अगं, भांडता कशाला? वरची सालं धरा नाहीतर खालची. खोली आजची आहे ना? मग भाव पण आजचाच पाहिजे. आणि आजच्या भावाने मला परवडत नाही. झालं."

"मी देतेय ना तुला!" आई म्हणाली.

"तू देशील गं. मी घेणार नाही."

मावशी दादाच्या डोक्यावरून हात फिरवून, उजेड असतानाच निघाली. तिला बसमध्ये बसवून मी परत आले तेव्हा आई त्याच खुर्चीत होती. टेबलावर तिने मावशीसाठी आणलेली चप्पल तशीच पडली होती. मावशीने ती घेतली नव्हती. चाळीस वर्षांत घासाघीस करून वस्तू टाकून जायचा हा पहिलाच प्रसंग.

"आई, चारच का?" मी विचारलं. "मावशीच्या लग्नापासूनचे आकडे बघितले मी. तेव्हा साडेसहा होता."

"माहितेय मला. पेढीवर जाऊन आले होते मी तेव्हा." आई चपलेवरची धूळ पुसत होती, नवीन चपलेवर कसली आली धूळ. "लग्नानंतर पहिल्यांदा आली ना, तेव्हा तिला इथली एक शाल आवडली. दहाची. तिच्या रुमालात तिकडचे चाळीस होते. घरखर्चातून लपवून वाचवलेले. पासष्ट लागणार होते. मी म्हटलं, मी घेऊन देते. तर ती शाल खाली ठेवून चालायला लागली. लहानपणापासून अशीच आहे ती. मग मी म्हटलं, अगं थांब, पेढीतला भाव परक्यांसाठी असतो. घरात एकाला चार."

"आणि तिने मानलं?"

"मानायचं नाटक केलं. मग त्यांचा पैसा चढला तेव्हा मी म्हणाले, आता बदलू या. तेव्हा तीच म्हणाली, घरचा भाव असा बदलतात होय?" आईने चप्पल कागदात गुंडाळली. "ती फुकट घेत नाही, मी पण घेत नाही. मग एकमेकींना द्यायचं तरी कसं, तू सांग."

मला एकदम खूप वाईट वाटलं, आणि थोडी लाज पण. मी त्या भावाला अडाणीपणा समजत आले होते.

त्यानंतर दोन पहिले रविवार मावशी आली नाही. फोनवर ती मजेत असायची. घराचं गिऱ्हाईक तिने परत पाठवलं होतं, पायऱ्यांना पांढरा रंग लावून घेतला होता, काही काळजी करू नकोस म्हणायची. आई फोन ठेवायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. दादा यायचा, फळं आणायचा, आईच्या समोर बसायचा. आई त्याच्यावर रागावली नव्हती. त्याचंच त्याला जास्त लागत होतं. एकदा जिन्यात मला म्हणाला, "मी चुकीचं काय बोललो?" मी म्हटलं, "चुकीचं काहीच बोलला नाहीस."

मग एक दिवस आईने त्याला बोलावून सांगितलं, "खोली औषधवाल्याला दे. तीस तुला, कर्ज फेडून टाक. दहा मला." दादाला वाटलं, गाडी रुळावर आली. मलाही तसंच वाटलं. व्यवहार झाला, बाबांच्या चौकटींचे तुकडे भंगारात गेले, आणि खाली पांढऱ्या टाइल्स बसायला लागल्या. आईने त्या दहा हजारांचं काय करायचं ते काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दातांचं काहीतरी काढलं असेल असं वाटलं.

मंगळवार होता. दुपारची गर्दी ओसरली होती. मी नोटांची थप्पी यंत्रात घालत होते आणि फटीतून एक जाड पाकीट आत आलं. ओळखीच्या रुमालात गुंडाळलेलं. मी वर बघितलं तर आई. ती पेढीत कधीच आलेली नव्हती, निदान मी इथे बसायला लागल्यापासून तरी नाही. डोक्यावरून शाल, पायात बाहेर जायचे बूट. मागे दाराशी दादा उभा होता, दोन्ही हातांत दोन मोठ्या बॅगा. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दहा हजार आहेत," आई म्हणाली. "तिकडचे करून दे."

"सगळे?"

"सगळे. किती होतील?"

"आज तेहतीस आहे. तीन लाख तीस हजार." "आई, काय चाललंय? एवढे मावशीला पाठवून ती घेणार आहे का?"

"तिला कोण देतंय? माझे आहेत, मी खर्च करणार." आई काचेच्या जवळ आली. "तिकडे एवढ्यात दिवसभराची बाई ठेवता येते. चौकशी केलीय मी. तिचे डोळे दाखवता येतात. पायऱ्या काढून उतार करता येतो. तिच्या पैशात तिला इकडे यायला परवडत नाही. माझ्या पैशात मला तिकडे जायला परवडतं. एवढं साधं आहे, आणि आपण सगळे त्या कागदाकडे बघत बसलो."

मागे कुणी नव्हतं तरी मला रांग लागल्यासारखी घाई झाली. पेढीतल्या माणसांच्या घरच्यांना आम्ही भावात अर्धा जास्त देऊ शकतो. मी म्हटलं, "थांब, मालकांना विचारून थोडा चढा भाव देते."

"नको. पाटीवर आहे तोच दे. आज तो बरा आहे."

"आणि तिथे गेल्यावर? तुमचा घरचा भाव?"

आई हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. "वेडे, एका घरात राहिल्यावर भाव कसला?"

मी नोटा मोजल्या. यंत्राने मोजलेल्या मी परत हाताने मोजल्या, कारण मोजून झाल्यावर त्या द्याव्या लागणार होत्या. मग पावती भरायला घेतली. नाव मला विचारायची गरज नव्हती, पत्ताही नव्हता. तो माझाच पत्ता होता. शेवटच्या रकान्यात पैसे कशासाठी बदलताय ते लिहावं लागतं. प्रवास, व्यापार, उपचार, वास्तव्य. बहुतेक लोक प्रवास म्हणतात आणि मी न विचारताच तिथे खूण करते. माझं पेन त्या चौकोनावर गेलं होतं.

"आई, प्रवास ना?" मी विचारलं.

तिने काचेवर हात ठेवला, माझ्या चेहऱ्यासमोर.

"नाही गं," ती म्हणाली. "राहायला."

मी तसं लिहिलं आणि पावती फटीतून सरकवली.